श्वासाला मोजपट्टी लावणारा शल्यवैद्य

छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाला आज बहुधा एक साधी चाचणी करावी लागते. नाकाला चिमटा लावायचा, छातीत मावेल तितकी हवा भरून घ्यायची आणि एका नळीत ती सारा जोर लावून अगदी शेवटपर्यंत सोडायची. तीन-चार वेळा हे झाले की यंत्रातून एक आलेख बाहेर पडतो. रुग्णाची फुप्फुसे किती काम करतात आणि त्याच्याच वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत ती किती उणी पडतात, हे त्यावरून डॉक्टर सांगतात. सुई टोचावी लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. या चाचणीचे नाव स्पायरोमेट्री आणि तिचा पाया घालणाऱ्या इंग्रज शल्यवैद्याचे नाव जॉन हचिन्सन.

स्टेथोस्कोप शोधणारे लेनेक किंवा क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांच्याइतके हचिन्सन यांचे नाव सामान्य वाचकांच्या ओठांवर नाही. श्वसनशास्त्राच्या अभ्यासकांत मात्र ते आदराने घेतले जाते. छातीत किती हवा मावते, हे मोजण्याचा प्रयत्न त्यांच्याआधीही झाला होता. विख्यात रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०० साली हायड्रोजन वायूच्या साहाय्याने स्वतःच्याच फुप्फुसांवर प्रयोग केले होते. परंतु अशा मोजमापातून रोग ओळखता येईल, रोग किती पुढे गेला हे ठरवता येईल आणि त्यासाठी आधी निरोगी माणसाचे माप ठाऊक असले पाहिजे, हा विचार हचिन्सन यांनी मांडला आणि हजारो माणसांवर पारखून पाहिला.

या विचाराचे महत्त्व आज अधिकच जाणवते. फुप्फुसांचे दीर्घकालीन विकार गाजावाजा करत येत नाहीत. श्वासमार्ग हळूहळू अरुंद होतात, फुप्फुसांतील वायुकोश झिजत जातात आणि माणूस नकळत आपल्या हालचाली आवरत्या घेतो. जिना चढायचे टाळतो, चालताना मध्येच थांबतो, वय झाले की दम लागायचाच अशी स्वतःची समजूत घालतो. धाप लागते म्हणून तो डॉक्टरकडे जातो, तोवर फुप्फुसांची बरीच क्षमता गेलेली असते. अशा विकारांपैकी सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच विकाराने २०२१ मध्ये जगभरात ३५ लाख लोकांचा बळी घेतला, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. जो रोग जाणवत नाही तो मोजावा लागतो, हे या आकड्यामागचे साधे सत्य आहे आणि हचिन्सन यांच्या आयुष्याचे सूत्रही तेच होते.

कोळशाच्या मुलखातून लंडनकडे

हचिन्सन यांचा जन्म १८११ साली ईशान्य इंग्लंडमधील रायटन या गावी झाला. टाइन नदीच्या काठचे, न्यूकॅसल शहराजवळचे हे गाव. भोवतालचा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. याच खोऱ्यातला कोळसा जहाजांत भरून लंडनला जाई, तिथल्या चुली व शेगड्या पेटवी आणि त्या महानगराचे आकाश धुराने भरून टाकी. फुप्फुसांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचा जन्म अशा ठिकाणी व्हावा, हा योगायोग म्हटला तरी विलक्षण आहे.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आले. शल्यवैद्य झाल्यावर त्यांनी साउदॅम्प्टनच्या दवाखान्यात काम केले आणि पुढे लंडनमध्ये ब्रिटानिया या आयुर्विमा कंपनीचे वैद्यक म्हणून जबाबदारी पत्करली. रुग्णालयातील डॉक्टरसमोर आजारी माणूस येतो. विमा कंपनीच्या डॉक्टरसमोर येतो तो वरकरणी धडधाकट माणूस. हा माणूस आणखी किती वर्षे जगेल, त्याच्या छातीत एखादा रोग दबा धरून बसला आहे काय, याचा अंदाज त्या डॉक्टरला बांधायचा असतो. हचिन्सन यांच्या संशोधनाला दिशा मिळाली ती या व्यवहारी प्रश्नातून.

त्या काळी सर्वांत मोठी धास्ती क्षयाची होती. ऐन तारुण्यातील माणसे खंगत खंगत जात. त्यावर औषध नव्हते आणि रोग कशाने होतो हेही कोणाला माहीत नव्हते. कॉख यांचा शोध लागायला १८८२ साल उजाडायचे होते, तर क्ष-किरण १८९५ पर्यंत अज्ञातच होते. डॉक्टरच्या हाती होते ते लेनेक यांनी १८१६ मध्ये शोधलेले स्टेथोस्कोप. त्याने छातीतील आवाज ऐकू येत. पण ते ओळखायला कान तयार असावा लागे आणि दोन डॉक्टरांचे कान एकच गोष्ट सांगतील याची खात्री नसे. शिवाय आवाज बदलेपर्यंत रोग पुष्कळ पुढे गेलेला असे. तयार कानावर अवलंबून नसलेले, कोणालाही वापरता येईल असे आणि आकड्यांत बोलणारे साधन हचिन्सन यांना हवे होते.

पाण्यावर तरंगणारे भांडे

त्यांनी बनवलेले यंत्र आजच्या तळहातावर मावणाऱ्या उपकरणांच्या मानाने अवजड होते. परंतु त्याची कल्पना अगदी सोपी होती. पाण्याने भरलेल्या एका उभ्या पिंपात दुसरे भांडे उपडे बुडवलेले. हे आतले भांडे दोऱ्यांनी कप्प्यांवरून वजनांना बांधलेले, त्यामुळे ते अलगद वर-खाली होऊ शके. माणसाने उभे राहायचे, अंगावरचे घट्ट कपडे सैल करायचे, पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि नळीतून तो सावकाश, शेवटपर्यंत सोडायचा. हवा उपड्या भांड्यात शिरली की भांडे वर उचलले जाई आणि ते किती उचलले गेले हे शेजारच्या पट्टीवर घनइंचांत वाचता येई. हवा तापली की फुगते, म्हणून तापमान पाहायची सोयही यंत्राला केलेली होती.

या यंत्राला त्यांनी स्पायरोमीटर हे नाव दिले आणि पूर्ण भरलेल्या छातीतून जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर टाकता येते तिला व्हायटल कपॅसिटी म्हटले. व्हायटल म्हणजे प्राणाशी संबंधित. हे नाव त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. ही क्षमता म्हणजे माणसाच्या जगण्याच्या शक्तीचेच माप आहे, अशी त्यांची धारणा होती. फुप्फुसांतील हवेचे त्यांनी भागही पाडले. शांतपणे श्वास घेताना आत-बाहेर होणारी हवा, जोर लावून आणखी आत घेता येणारी हवा, जोर लावून आणखी बाहेर टाकता येणारी हवा आणि काही केले तरी आतच उरणारी हवा. नावे आणि मोजण्याच्या पद्धती पुढे सुधारल्या, पण ही विभागणी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकावी लागते.

१८४४ मध्ये त्यांनी आपली पहिली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ती लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आली, हे त्यांच्या विचाराला साजेसेच होते. १८४६ मध्ये वैद्यक-शल्यशास्त्र संस्थेच्या ग्रंथमालेत त्यांचा शंभराहून अधिक पानांचा प्रबंध छापला गेला. श्वसनशास्त्रातील पायाभूत लेखनात आज त्याची गणना होते.

मुष्टियोद्ध्यापासून भिकाऱ्यापर्यंत

या प्रबंधामागे २,१३० माणसांची मोजणी होती. निरोगी माणसाचे माप म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी हचिन्सन यांनी लंडनच्या समाजाचे सारे थर धुंडाळले. खलाशी, अग्निशामक दलाचे जवान, शहराचे आणि थेम्स नदीवरचे पोलीस, पायदळातील व घोडदळातील सैनिक, छापखान्यातील कंपोझिटर, दारूची पिंपे वाहणारे गाडीवान, कारागीर, सरकारी आश्रयाला राहणारे निर्धन, मुष्टियोद्धे व पैलवान आणि घरंदाज सभ्य गृहस्थ असे सारे त्यांच्या नळीसमोर उभे राहिले. जत्रांत लोकांना दाखवल्या जाणाऱ्या अतिउंच आणि अतिठेंगण्या माणसांचीही त्यांनी मापे घेतली. स्त्रिया मात्र या मोजणीत अगदी थोड्या होत्या आणि ही उणीव भरून निघायला पुढे बराच काळ जावा लागला.

या प्रचंड खटाटोपातून एक नियम हाती आला. फुप्फुसांची क्षमता माणसाच्या उंचीबरोबर वाढते. पाच फूट ते पाच फूट एक इंच उंचीच्या पुरुषांत ती सरासरी १७४ घनइंच, म्हणजे सुमारे २.८५ लिटर भरली. पाच फूट अकरा इंच ते सहा फूट उंचीच्या पुरुषांत ती २६२ घनइंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर होती. मधल्या प्रत्येक इंचाला आठ घनइंचांची वाढ. फुप्फुसे धडात असतात आणि उंची बरीचशी पायांवर ठरते. तरीही हा संबंध इतका सरळ निघावा, याचे नवल वाटते. उलट छातीचा घेर आणि ही क्षमता यांचा मेळ बसला नाही. भरदार छाती म्हणजे भक्कम फुप्फुसे, ही त्या काळी सैन्यभरतीतही पाळली जाणारी समजूत या आकड्यांपुढे टिकली नाही. वजन प्रमाणाबाहेर वाढले की क्षमता घटते, तसेच तिशीनंतर वर्षाला सुमारे दीड घनइंच या गतीने ती उतरत जाते, असेही त्यांना आढळले.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. एखाद्याने नळीत तीन लिटर हवा सोडली, तर तो आकडा चांगला की वाईट? ठेंगण्या वृद्धाच्या बाबतीत तो समाधानाचा असू शकतो. सहा फुटी तरुणाच्या बाबतीत मात्र तो धोक्याची घंटा ठरतो. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. या माणसाचा आकडा किती असायला हवा होता, याच्याशी ताडून पाहिला की तो बोलू लागतो. आज स्पायरोमेट्रीच्या अहवालात अपेक्षित क्षमतेच्या अमुक टक्के असे जे लिहिलेले असते, त्याचे मूळ हचिन्सन यांच्या या तक्त्यांत आहे.

अमेरिकी राक्षसाची कहाणी

आपल्या पद्धतीची ताकद दाखवण्यासाठी हचिन्सन यांनी एका रुग्णाची हकिगत नोंदवून ठेवली आहे. चार्ल्स फ्रीमन हा जवळजवळ सात फूट उंचीचा पैलवान १८४२ मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला आला. अमेरिकी राक्षस या नावाने तो गाजत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची विल्यम पेरी या नामांकित इंग्रज मुष्टियोद्ध्याशी लढत झाली. लढतीच्या तयारीत असताना, म्हणजे प्रकृती अगदी उत्तम असताना हचिन्सन यांनी त्याला आपल्या यंत्रासमोर उभे केले. त्याची क्षमता चारशे घनइंचांहून अधिक, म्हणजे साडेसहा लिटरच्या वर भरली.

दोन वर्षांनी फ्रीमन पुन्हा लंडनला आला, तेव्हा त्याची तब्येत ढासळली होती. हचिन्सन यांनी पुन्हा माप घेतले तर क्षमता बरीच खाली आलेली दिसली. वजनही घटले होते. छातीचे आवाज ओळखण्यात निष्णात असलेल्या डॉक्टरांना मात्र स्टेथोस्कोप लावूनही काही दोष सापडला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८४५ मध्ये, विंचेस्टर येथे क्षयाने फ्रीमनचा मृत्यू झाला. कानाला जे कळले नाही ते पाण्यावरच्या भांड्याने महिनोन् महिने आधी सांगितले होते.

या हकिगतीत आणखी एक बोध दडला आहे. घट झाल्यानंतरही फ्रीमनची क्षमता सामान्य माणसाहून जास्तच होती. नुसत्या सरासरीकडे पाहिले असते तर तो ठणठणीत ठरला असता. त्याचे स्वतःचे जुने माप हाताशी होते म्हणून घसरण उघड झाली. आज छातीचे डॉक्टर जुने अहवाल जपून ठेवायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

सोन्याच्या वाटेने

हचिन्सन यांचा प्रबंध १८४९ मध्ये जर्मन भाषेत आला आणि तिकडच्या डॉक्टरांनी त्यावर पुढे काम केले. तेव्हाच्या एका मान्यवर शरीरशास्त्रीय कोशासाठी छातीच्या पिंजऱ्यावरचा विस्तृत लेखही त्यांनी लिहिला. बरगड्यांमधील स्नायू श्वासोच्छ्वासात काय काम करतात, यावरचा त्यांचा अभ्यास सूक्ष्म होता. वैद्यकाबाहेरही त्यांची गती मोठी होती. ते व्हायोलिन उत्तम वाजवीत, तैलचित्रे रंगवीत आणि शिल्पेही घडवीत.

असा बहुगुणी माणूस कीर्तीच्या उंबरठ्यावर असताना सारे सोडून निघून गेला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सोने सापडले आणि जगभरातून माणसांचे लोंढे तिकडे निघाले. १८५२ मध्ये हचिन्सनही त्यांत सामील झाले. पत्नी आणि मुले मागे इंग्लंडमध्येच राहिली. व्हिक्टोरियाच्या खाणींच्या मुलखात त्यांनी काही वर्षे काढली. तेथून ते पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर गेले आणि तेथेच १८६१ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या लंडनमध्ये त्यांनी दोन हजारांवर छात्या मोजल्या, त्या लंडनपासून ते तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होते.

विमा कंपन्यांनी स्पायरोमीटरचा स्वीकार करावा आणि आयुष्याचा अंदाज त्यावरून बांधावा, ही त्यांची अपेक्षा त्यांच्या हयातीत फळाला आली नाही. पुढे क्षयाचा जंतू सापडला, क्ष-किरण आले आणि क्षयाच्या निदानासाठी स्पायरोमीटरची गरज उरली नाही. यंत्र प्रयोगशाळांत राहिले, रुग्णाच्या खाटेजवळून दूर गेले. मात्र त्यांची मूळ कल्पना खरी होती. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम शहरात १९४८ पासून हजारो नागरिकांच्या आरोग्याचा जो प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यात घटलेली व्हायटल कपॅसिटी ही पुढील हृदयविकाराची आणि अकाली मृत्यूची सूचना असते, असे दिसून आले. विमा कंपनीच्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी बांधलेला अंदाज अशा रीतीने सिद्ध झाला.

मोजपट्टीचा गैरवापर

या वारशाची एक काळी बाजूही आहे. माणसाचे माप त्याच्या उंचीशी आणि वयाशी ताडून पाहावे, असे हचिन्सन यांच्या तक्त्यांनी शिकवले. काहींनी उंचीच्या जागी वंश आणून बसवला. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने १८५१ च्या सुमारास गुलामीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा दुबळी असतात, असा निष्कर्ष काढला आणि त्याचा उपयोग गुलामगिरीच्या समर्थनासाठी केला. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या मापांवरून १८६९ मध्ये असेच निष्कर्ष मांडले गेले. गरिबी, कुपोषण, धूर आणि कष्ट यांचा फुप्फुसांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

ही समजूत पुढे यंत्रांत शिरली. अनेक देशांतील स्पायरोमीटरमध्ये कृष्णवर्णीय आणि आशियाई व्यक्तींसाठी अपेक्षित क्षमता कमी धरण्याची सोय करण्यात आली. परिणामी तेवढीच हवा सोडणारा गोरा माणूस रुग्ण ठरे आणि दुसऱ्या वर्णाचा माणूस निरोगी ठरू शके. खाणकामगाराला किंवा गिरणी कामगाराला नुकसानभरपाई द्यायची की नाही, हे जिथे अशा टक्केवारीवर ठरते, तिथे हा फरक पोटापाण्याचा असतो. भारतीय वंशाच्या लोकांनाही तो लागू होता. या विषयावर दीर्घकाळ चर्चा झाल्यानंतर २०२२ मध्ये वंशनिरपेक्ष गणिती सूत्रे प्रसिद्ध झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ती वापरण्याची शिफारस केली. तुलना कोणाशी करायची, हा हचिन्सन यांनी उभा केलेला प्रश्न पावणेदोनशे वर्षांनंतरही जिवंत आहे.

राहून गेलेली गोष्ट: वेळ

हचिन्सन यांच्या चाचणीत एक उणीव होती. माणूस किती हवा सोडतो हे ते मोजत. किती वेळात सोडतो हे पाहत नसत. क्षयात फुप्फुसाचा भागच निकामी होतो, म्हणून तिथे एकूण हवा मोजून भागे. दमा किंवा सीओपीडी यांत मात्र श्वासमार्ग अरुंद झालेले असतात. अशा रुग्णाला पुरेसा वेळ दिला तर तो रखडत रखडत बरीच हवा बाहेर टाकतो आणि एकूण माप फसवे निघू शकते. अरुंद तोंडाच्या बाटलीतून पाणी ओतावे तसे हे आहे. पाणी तेवढेच, पण वेळ फार.

ही उणीव १९४७ मध्ये फ्रान्समधील रोबेर तिफनो आणि त्यांचे सहकारी पिनेली यांनी दूर केली. जोराने सोडलेल्या श्वासातील पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यांनी मोजले. आज औषधाचा फवारा दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातील हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर श्वासमार्गात कायमचा अडथळा आहे असे मानतात. त्यानंतर पहिल्या सेकंदातील माप अपेक्षेच्या किती टक्के आहे, यावरून तीव्रता ठरते. ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सौम्य, ५० ते ७९ टक्के मध्यम, ३० ते ४९ टक्के तीव्र आणि ३० टक्क्यांखाली अतितीव्र.

यंत्राकडून वऱ्हांड्याकडे

तरीही नळीत सोडलेला श्वास रुग्णाची सारी कहाणी सांगत नाही. सारखाच अहवाल असलेल्या दोघांपैकी एक जण बाजारहाट करून येतो, तर दुसऱ्याला अंघोळ करतानाही धाप लागते. हे कोडे वेल्सच्या कोळसा खाणींत ठळकपणे समोर आले. तेथील खाणकामगारांच्या छातीच्या विकारांचा अभ्यास करण्यासाठी कार्डिफजवळ दुसऱ्या महायुद्धानंतर एक संशोधन केंद्र उभे राहिले. त्याचे प्रमुख चार्ल्स फ्लेचर यांनी धाप मोजण्यासाठी साध्या प्रश्नांची पाच पायऱ्यांची शिडी तयार केली. फक्त जोराच्या श्रमानेच दम लागतो का, घाईने चालताना किंवा चढावर लागतो का, सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला होते का, शंभर यार्डांवर थांबावे लागते का, की घराबाहेर पडणेच अशक्य झाले आहे? या शिडीला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.

पुढची पायरी चालण्याच्या चाचणीची. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो, यावरून त्याची तंदुरुस्ती ठरवली. १९७६ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांना रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात बारा मिनिटे चालवून पाहिले. आजारी माणसाला बारा मिनिटे जड जातात असे दिसल्यावर १९८२ मध्ये सहा मिनिटेही पुरतात हे सिद्ध झाले. तीस मीटरचा सपाट वऱ्हांडा, घड्याळ, एक खुर्ची आणि बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारे छोटे उपकरण एवढ्यावर ही चाचणी होते. रुग्ण आपल्या गतीने चालतो, हवे तेव्हा थांबतो. हृदयविकाराच्या रुग्णांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते, म्हणून ती जाणकारांच्या देखरेखीखालीच करायची असते.

२००४ मध्ये या साऱ्या धाग्यांची एकत्र वीण झाली. पहिल्या सेकंदातील श्वास, धापेची पायरी, सहा मिनिटांत कापलेले अंतर आणि उंचीच्या मानाने वजन या चार गोष्टींना गुण देऊन शून्य ते दहा अशी बोड नावाची श्रेणी तयार करण्यात आली. सहा मिनिटांत ३५० मीटर किंवा त्याहून अधिक चालणाऱ्याला त्या बाबीत शून्य गुण, तर १४९ मीटर वा त्याहून कमी चालणाऱ्याला तीन गुण मिळतात. गुण जितके जास्त तितका धोका अधिक. रुग्ण किती जगेल याचा अंदाज ही श्रेणी केवळ श्वासाच्या मापापेक्षा अधिक चांगला देते, असे आढळले. माणसाच्या आयुष्याचा अंदाज साध्या मोजमापांतून बांधावा, ही हचिन्सन यांची मूळ आकांक्षा होती. ती इथे नव्या रूपात पूर्ण झाली.

आपल्याकडे धूम्रपानाखेरीज चुलीचा धूर हेही फुप्फुसविकाराचे मोठे कारण आहे. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या, पण लाकूडफाट्याच्या आणि गोवऱ्यांच्या धुरात वर्षानुवर्षे भाकरी भाजलेल्या स्त्रियांना हा विकार जडतो. त्यांची धाप बहुधा वयाच्या किंवा अशक्तपणाच्या खात्यात टाकली जाते. हचिन्सन यांच्या मोजणीत स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. आज मात्र नळीसमोर त्यांना आवर्जून उभे करण्याची गरज आहे. ज्या गावात स्पायरोमीटर पोहोचलेले नाही, तिथेही फ्लेचर यांचे पाच प्रश्न विचारता येतात आणि धाप नेमकी केव्हा लागते ते लिहून ठेवता येते. तेवढ्यावर निदान होत नाही, पण पुढच्या तपासणीसाठी कोणाला पाठवायचे हे कळते.

फिजीच्या बेटावर अकाली विझलेल्या या शल्यवैद्याने फुप्फुसांच्या एकाही रोगावर औषध शोधले नाही. रोगाची चाहूल लागण्यासाठी धाप लागेपर्यंत थांबू नये, एवढेच त्यांनी सांगितले. एक नळी, पाण्यावर तरंगणारे एक भांडे आणि निरोगी माणसांच्या मापांचा एक तक्ता, इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी हे दाखवून दिले. तो तक्ता वारंवार सुधारला गेला आणि यापुढेही सुधारला जाईल. छातीत श्वास भरून नळीत सोडणारा प्रत्येक रुग्ण मात्र आजही त्यांनीच आखलेल्या वाटेने जात असतो.